अमळनेरच्या 'इतिहासाची गाणी' उन्हाळी वर्गाला पोरीला पाठवलं होतं, तीन महिन्यांनंतरचा अनुभव

एप्रिलच्या शेवटी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता की ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी देशाच्या इतिहासाची गाणी शिकवणार, वीस दिवस, सकाळी साडेसात ते नऊ, फी १२०० रुपये. मी पोरीला पाठवलं. वर्ग मे महिन्यात झाला आणि मी लिहितेय आता ऑगस्ट संपताना, मुद्दामच थांबले होते, कारण वर्ग संपला त्या दिवशी सगळ्याच आया खूश असतात, पोरं स्टेजवर गातात, आपण व्हिडिओ काढतो. तीन महिन्यांनी डोक्यात काय उरलं ते बघून मग लिहावं असं ठरवलं होतं. वर्गाचं आणि बाईंचं नाव लिहीत नाही कारण खाली दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि बाई मनाने फार चांगल्या आहेत. अमळनेरच्या लोकांना कळेलच.

माझी पोरगी सहा वर्षांची, तेव्हा पहिलीत जाणार होती. पाठवण्याचं कारण असं की शाळेत इतिहास नीट सुरू होतो तिसरी-चौथीत, तोपर्यंत या पोरांच्या वाट्याला १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची भाषणंच येतात, ती पण आपण लिहून देतो आणि ते घोकतात. मागच्या वर्षी सीनियर केजीत तिने टिळकांवर पाच ओळी म्हटल्या, बक्षीस पण मिळालं, आणि घरी येऊन विचारते मम्मी टिळक म्हणजे कपाळावर लावतात ते का. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, म्हणजे पोरीचं नाही, आपण तिला काय देतोय याचं.

तर वर्ग कसा चालायचा ते सांगते. बाई प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, सोबत त्यांचा भाचा ढोलकीवर. एका सोसायटीचा हॉल, खाली सतरंजी, भिंतीवर भारताचा मोठा नकाशा, बस. बाई आधी गोष्ट सांगायच्या, दहा मिनिटं, एकदम घरातल्यासारखी, मग गाण्याची एक ओळ म्हणायच्या, पोरं मागून. दोन दिवसांत एक गाणं. टोटल नऊ गाणी झाली, शेवटचे दोन दिवस उजळणीला.

मला जी गोष्ट सगळ्यात आवडली ती म्हणजे चाली. मला वाटलं होतं की हल्ली मोबाइलवर बालगीतं असतात तसं काहीतरी असेल, सगळ्यांचा एकच ठेका. बाईंनी चाली घेतल्या होत्या आपल्याकडच्या. एक पोवाड्याच्या अंगाने, एक भारुडासारखं, आणि चार गाणी तर चक्क गुलाबाईच्या गाण्यांच्या चालीवर! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या खान्देशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गुलाबाई बसते, पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांची गंमत म्हणजे ती साखळीसारखी असतात, एक ओळ प्रश्न विचारते, दुसरी उत्तर देते, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. इतिहास सांगायला याच्याइतका चांगला साचा मला तरी माहीत नाही. मग काय झालं, मग कोण आलं, मग ते कुठे गेले. पोरं ओळ विसरत नाहीत कारण आधीच्या ओळीनेच पुढची हातात दिलेली असते.

आणि याचा घरी एक फायदा झाला जो मी अजिबात धरला नव्हता. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या, अहिराणी बोलतात, शाळा दुसरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पोरगी अंगणात गाऊन राहिली होती तर आतून सासूबाई चाल ओळखून बाहेर आल्या आणि टाळ्या धरायला लागल्या. शब्द नवे, चाल त्यांची. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघींचं सुरू. पोरगी शब्द शिकवायची, आजी चाल सुधारायची, कारण बाईंनी एके ठिकाणी चाल जरा सरळ केली होती आणि सासूबाईंना ते पटलं नव्हतं. मी पोरीसाठी १२०० भरले होते, शिकल्या दोघी.

आता गाण्यांबद्दल. दांडीयात्रेचं गाणं सगळ्यात हिट. "अठ्ठ्याहत्तर जण निघाले, चोवीस दिवस चालले" अशी ध्रुवपदाची ओळ, आणि ती म्हणताना पोरांनी हॉलमध्ये गोल चालायचं, प्रत्येक कडव्याला नकाशावर एकाने पुढे जाऊन बोट सरकवायचं, साबरमतीपासून खाली खाली दांडीपर्यंत. १२ मार्च १९३० ला निघाले, ५ एप्रिलला पोचले, ६ एप्रिलला मीठ उचललं. तारखा गाण्यातच आहेत. मला आधी शंका होती की सहा वर्षांच्या पोरीला १९३० म्हणजे काय कळणार, आणि खरंच कळत नाही, तिच्यासाठी १९३० आणि शिवाजी महाराज आणि रामायण सगळं एकाच कपाटात आहे. पण क्रम कळतो. आधी मिठावर कर होता, मग चालले, मग उचललं, मग पकडलं. तीन महिन्यांनी पण तिला हा क्रम बिनचूक येतो, मध्ये कुठूनही विचारा. आणि एक दिवस जेवताना वरणात मीठ कमी झालं म्हणून तिने मागितलं आणि मग स्वतःच म्हणाली, याच्यावर पण पैसे घ्यायचे का इंग्रज? तेवढ्यावर आमचं पूर्ण जेवण झालं, तिच्या पप्पांनी सांगितलं की मीठ गरीब माणसाला पण लागतंच, ते सोडता येत नाही, म्हणून गांधीजींनी मीठच निवडलं. हे गाण्यात नव्हतं. पण गाणं नसतं तर हा प्रश्न आला नसता.

दांडी कुठे आहे विचारलं तर मी सांगितलं की आपण सुरतला मामाकडे जातो ना त्या गाडीने, सुरतच्या पुढे नवसारी, तिथून समुद्राकडे. अमळनेर, नंदुरबार, सुरत हा आपला ताप्ती लाइनचा रस्ता तिला पाठ आहे, तर तिला दांडी एकदम जवळची वाटायला लागली. बाईंनी पण हे वापरायला हवं होतं असं मला वाटतं, अर्ध्या पोरांचे नातेवाईक सुरतला आहेत.

सावित्रीबाईंचं गाणं पण सुंदर. १८४८, पुणे, भिडे वाडा हे आहेच, पण ध्रुवपद आहे पिशवीतल्या दुसऱ्या साडीचं. लोक शेण-चिखल मारायचे म्हणून त्या शाळेत जाताना एक जास्तीची साडी न्यायच्या, तिथे जाऊन बदलायच्या. आमची पोरगी शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तरात जास्तीचा फ्रॉक टाकून बसली होती. मी काढला नाही.

आपल्या गावाचं पण एक गाणं होतं, साने गुरुजींचं. १९२४ ला इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायला आले, छात्रालयातल्या मुलांची आईसारखी काळजी घ्यायचे, १९३० ला नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. पुढचं कडवं धुळ्याच्या जेलचं, १९३२ साली विनोबा दर रविवारी तिथे गीतेवर बोलायचे आणि गुरुजी भराभरा लिहून घ्यायचे. पोरांना त्यात एवढंच भावलं की जेलमध्ये पण रविवारी शाळा भरायची, ठीक आहे, एवढं पुरे या वयात. फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचं एक छोटं कडवं होतं, डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष. ते घाईत उरकलं, कुणाच्याच लक्षात नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. संविधानाच्या गाण्यात ओळ होती "सव्वीस जानेवारी आली, घटना लिहून पूर्ण झाली". यमक छान जुळतं, टाळी पण बरोबर पडते, पण हे चूक आहे ना. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला, लागू झाली २६ जानेवारी १९५० पासून. आणि २६ जानेवारीच का, तर १९३० साली त्याच दिवशी पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता, ती आठवण ठेवायची म्हणून. म्हणजे खरी गोष्ट त्या ओळीपेक्षा कितीतरी भारी आहे. मी वर्ग सुटल्यावर बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्याच दिवशी ओळ बदलली, "नोव्हेंबरात मंजूर झाली, जानेवारीत लागू झाली", आणि पोरांना सांगितलं पण की माझ्याकडून चुकलं होतं. मला त्यांचं हे फार आवडलं. पण झालं काय, माझी पोरगी आज पण जुनीच ओळ म्हणते. मी टोकते, ती म्हणते हो मम्मी नोव्हेंबर, आणि परत गायला लागली की तोंडातून जानेवारीच. पाठ केलेलं वाक्य असतं तर खोडलं गेलं असतं, चालीत बसलेलं निघत नाही. म्हणून माझं सगळ्या अशा वर्गवाल्यांना हात जोडून सांगणं आहे की चाल लावायच्या आधी शब्द कुणाला तरी जाणकाराला दाखवा. आपल्या धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून, शाळा-कॉलेजात इतिहासाचे एवढे शिक्षक आहेत, एक दुपार द्या त्यांच्याकडे. दोन दिवसांची मेहनत वाचवायला गेलात तर ती चूक पोरांच्या डोक्यात वीस वर्षं राहणार.

दुसरी तक्रार फाशीच्या गाण्याची. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव, २३ मार्च १९३१. गाणं जोरदार आहे, ढोलकी मस्त, मोठी पोरं त्वेषाने म्हणायची. पण चार-पाच वर्षांच्या पोरांना दोरीबद्दलच्या ओळी गायला लावणं मला बरोबर वाटलं नाही. शेजारच्यांचा मुलगा साडेचार वर्षांचा, तो दोन रात्री झोपेतून उठून रडला, दोरी दोरी करत. आमच्या पोरीने मला रात्री लाइट बंद केल्यावर विचारलं की त्यांना दुखलं असेल का, त्यांची आई कुठे होती. मी काय सांगणार. मी सांगितलं की आई होती, तिला खूप दुःख झालं, आणि सगळ्या देशाला झालं. आणि तिला जवळ घेऊन झोपले. मला वाटतं या वयाला ते तिघं कोण होते, काय वाचायचे, त्यांना काय हवं होतं, मित्र कसे होते एवढं गावं, शेवट नुसता सांगावा, हळू आवाजात, त्याच्यावर टाळ्या वाजवायला लावू नये. चार ते आठ हा गट पण एकच ठेवला होता तो चूकच, चार वर्षांचं पोरगं आणि आठ वर्षांचं पोरगं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तिसरी, पेन ड्राइव्ह. २५० रुपये वेगळे घेतले आणि त्यात तीच गाणी स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, पण पाठीमागे असलं म्युझिक टाकलंय डीजेसारखं की शब्द ऐकूच येत नाहीत. गोष्टी त्यात नाहीत, नुसती गाणी. आम्ही दोनदा लावला आणि ठेवून दिला. माझं ऐकाल तर घेऊ नका, त्यापेक्षा वर्गातच मोबाइलवर बाईंचा आवाज रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी असते.

बाकी हॉलला कूलर एकच, मे महिन्यातला इथला सकाळचा आठचा पण घाम काय असतो ते आपल्याला माहीतच आहे, दोन दिवस लाइट गेली तेव्हा पोरं बाहेर निंबाखाली बसवली, ते उलट बरं झालं. पाणी घरून द्या. खाऊला रोज मुरमुरे-फुटाणे द्यायचे, चांगलं होतं.

आता नंदुरबारचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्या वर्गाचे पैसे या एका गाण्यात वसूल आहेत. शिरीषकुमारचं गाणं. ९ सप्टेंबर १९४२, चले जाव चळवळ सुरू होऊन महिना झालेला, नंदुरबारला मिरवणूक निघाली, पुढे शाळेतली पोरं, हातात झेंडा, पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाचही नावं गाण्यात आहेत, एका कडव्यात एक, आणि प्रत्येक नावानंतर ढोलकी थांबते. बस एवढंच. फाशीच्या गाण्यात जे चुकलं होतं ते इथे बाईंनी बरोबर केलं, रक्त नाही, गोळी एकदाच येते, बाकी सगळं गाणं झेंडा खाली पडू द्यायचा नाही याच्यावर. त्याच्या घरची भाषा गुजराती, आणि पोरं घोषणा पण गुजरातीतून द्यायची की भारताचं निशाण झुकणार नाही, ते बाईंनी गोष्टीत सांगितलं. पोरीला फार आश्चर्य वाटलं, कारण तिच्या वर्गात दोन गुजराती मैत्रिणी आहेत.

पहिल्यांदा सासूबाईंनी ऐकलं तेव्हा विचारलं, "अय माय, हाऊ इतला धाकला पोऱ्या व्हता का?" त्यांना माहीतच नव्हतं. जन्म गेला खान्देशात, नंदुरबारला लग्नकार्याला किती वेळा गेल्या असतील. पोरीने विचारलं, आजी तू तेव्हा होतीस का? तर म्हणाल्या, "मी नही बेटा, मनी माय व्हती तवय." पोरीच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा काळ बसला असं मला वाटतं. १९४२ म्हणजे आजीच्या आईच्या वेळी. तेव्हापासून ती प्रत्येक गाण्याला विचारते की हे आजीच्या आईच्या आधी की नंतर.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघं गेलो नंदुरबारला, सकाळची पॅसेंजर, नरडाणा, दोंडाईचा करत. माणिक चौकातल्या स्मारकापाशी गेलो. बाजाराची गर्दी, हॉर्न, हातगाड्या, पोरगी एकदम गप्प. मग म्हणाली इथेच? मी म्हटलं हो. तिने गाणं म्हटलं नाही, मला वाटलं होतं म्हणेल. नुसती पाच बोटं मोजून पाच नावं हळू म्हणाली. एक म्हातारे दुकानदार ऐकत होते, ते गल्ल्यावरून उठून आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं बेटा कुठल्या शाळेत शिकवलं हे. मी सांगितलं वर्गाचं. ते म्हणाले आमच्या इथल्या पोरांना पण पाचही नावं येत नाहीत. परत येताना सासूबाई गाडीत बराच वेळ डोळे पुसत होत्या.

म्हणून मला जे राहून गेलं असं वाटतं ते पण याच बाजूचं आहे. नऊ गाण्यांत सातपुड्यातला एकही माणूस नाही. खाज्या नाईक, भीमा नाईक हे १८५७ च्या बंडात इंग्रजांशी लढले, एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, ती आपल्याच डोंगरात. आमच्या वर्गात शिरपूरकडचं एक भिल्ल कुटुंब होतं, त्यांची दोन पोरं यायची, त्यांच्या वडिलांनी मला हे सांगितलं, इतक्या साधेपणाने सांगितलं, तक्रार म्हणून पण नाही, की आमचे नाईक पण होते ना ताई. १८५७ च्या गाण्यात मंगल पांडे आहे, झाशीची राणी आहे, ते पाहिजेतच, पण एक कडवं इथलं घालायला काय हरकत होती. तसंच बेचाळीसच्या चळवळीतल्या बायका. अमळनेरच्याच लढ्यात लीलाताई पाटील होत्या, तुरुंगात गेल्या, आणि अमळनेरच्या वर्गात त्यांच्यावर एक ओळ नाही. मी हे पण बाईंना सांगितलंय, त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुढच्या वेळी करते म्हणाल्या. करतील अशी मला खात्री आहे.

काही लोकं म्हणतात गाण्याने काय इतिहास होतो का, नुसती पोपटपंची. मला विचाराल तर आपल्याकडे इतिहास गाऊनच तर टिकलाय, अफजलखानाच्या वधाचा पोवाडा महाराजांच्या काळातच रचलेला आहे, तेव्हा कुठे होती क्रमिक पुस्तकं. पण हो, नुसतं पाठ करून सोडून दिलं तर पोपटपंचीच होते, आमच्याच वर्गातली काही पोरं होती, आई-बाप गेटवर सोडून जायचे, घरी कुणी विचारायचं नाही, ती पोरं आता सगळं विसरली. घरी रोज दहा मिनिटं त्या गाण्यावर बोलणं झालं पाहिजे. तुम्हाला वेळ नसेल तर आजी-आजोबांना बसवा.

१५ ऑगस्टला शाळेतून आली तर हातातल्या प्लॅस्टिकच्या झेंड्याचे आरे मोजत बसली. गाण्यात आहे ना, चोवीस आरे. त्या झेंड्यावर सोळाच निघाले. दुसऱ्या दिवशी तो घेऊन टीचरला दाखवायला गेली, आणि टीचरने सगळ्या वर्गाला मोजायला लावलं. झेंडा १५ ऑगस्टला नाही, २२ जुलै १९४७ ला मंजूर झाला, हे पण तिने सांगितलं म्हणे. ही ओळ बाईंनी बरोबर लिहिली होती.

दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांचा वर्ग परत आहे, फी ७००, या वेळी ४ ते ६ आणि ६ ते ९ असे दोन गट करणार आहेत असं बाई म्हणाल्या. मी धाकट्याला पण घालणार. पाचपैकी चार स्टार देते, एक त्या सव्वीस जानेवारीसाठी ठेवलाय, ओळी तपासून घेतल्या की तो पण देईन.

आणि आता गुलाबाई जवळ आलीय. सासूबाईंनी आत्तापासून ठरवलंय की यंदा आमच्या घरी गुलाबाईपुढे पहिलं गाणं नेहमीचं, आणि दुसरं त्या पाच पोरांचं. गल्लीतल्या पोरींना शिकवणं सुरू पण झालंय, रोज दिवेलागणीला ओट्यावर.